बाबलीच्या पेटीतल्या तेवीस चाव्या

आचऱ्याहून मालवणला जाताना वाटेत एक तिठा लागतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर मला तिथे पुन्हा चहा कोण पाजेल? एका बाजूला पिंपळाचा पार, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं सायकलचं दुकान, आणि मध्ये रिक्षांचा थांबा. बावीस रिक्षा एकामागे एक, तेविसावी रस्त्यापलीकडे. कोण पुढे घुसत नाही, कोण गिऱ्हाईकाची पिशवी ओढत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी बघतात आणि म्हणतात, "शिस्त आहे हां इथे!" ती शिस्त काही आभाळातून पडली नव्हती. ती बाबली मुणगेकराने लावली. आणि त्या शिस्तीने बाबलीचं काय केलं ते आता सांगतो. ऐकवेल तेवढं ऐका.

बावीस वर्षांपूर्वी तिठ्यावर नुसता तमाशा होता. एसटी थांबली की सगळे ड्रायव्हर उतारूंवर तुटून पडायचे. एकदा एका बाईची ट्रंक एका रिक्षात, पोर दुसऱ्या रिक्षात, आणि ती स्वतः तिसऱ्या रिक्षापाशी उभी राहून किंचाळतेय, असं झालं. तिन्ही ड्रायव्हर एकमेकांची आयमाय काढण्यात गुंग. त्या दिवशी बाबलीने सगळ्यांना पारावर गोळा केलं आणि म्हणाला, "मेल्यांनो, आपण माणसां आसव काय कुत्रे?" तिथे संघटना झाली. प्रत्येकाला नंबर मिळाला, नंबरांचा फळा झाला. पहिला नंबर बाबलीचा, आणि अध्यक्षही तोच. दुसरा कोण होणार? बाकीच्यांना भाषण करायचं म्हटलं की लघवीला लागायची.

संघटनेने वाईट केलं असं म्हणणाऱ्याच्या तोंडात मी शेण घालीन. दत्ताराम म्हणून एक जुना ड्रायव्हर आहे, संस्थापक सभासद. त्याचा पाय मोडला तेव्हा तीन महिने रोज प्रत्येकाने एक फेरी दत्तारामासाठी मारली, आणि त्याच्या घरची चूल एक दिवससुद्धा विझली नाही. हे सगळं बाबलीचं डोकं. माणूस कडक, पण मनाचा खोटा नव्हता. फक्त एक खोड होती त्याच्यात. त्याचा माणसावर विश्वास नव्हता, नियमावर होता.

पेटी त्या खोडीतूनच आली. पहिला बंद पुकारला तेव्हा जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून. हा आडवाटेने भाडं मारील, तो रात्री मारील, या संशयाने दुपारपर्यंत बंद मोडला. मग बाबलीने नियम काढला: बंदाच्या दिवशी प्रत्येकाने रिक्षा थांब्यावर लावायची आणि चावी अध्यक्षाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. चावी पेटीत नाही ती रिक्षा थांब्यावर नाही. पेटीला पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली बाबलीच्या कमरेच्या करगोट्याला. सकाळी पारावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी तेवीस लेकरां आज एक झाली आसत. तेंच्यात फूट पाडूक जो कोण बघीत तेका तूच बघून घे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर एकही बंद मोडला नाही.

एकदाच मोडला. चौदा वर्षांपूर्वी गुरुदास नावाच्या ड्रायव्हरने एक चावी पेटीत टाकली आणि घरातल्या जादा चावीने रिक्षा काढून कोणा बाईला मालवणला पोचवलं. परत आला तो सगळे पारावर वाटच बघत होते. "माझ्या रिक्षात पेशंट होती," गुरुदास म्हणाला. बाबली म्हणाला, "बंदाच्या दिवशी पेशंट सगळ्यांकच गावतत." पुढे एक शब्द विचारला नाही. ओल्या फडक्याने फळ्यावरचा गुरुदासचा नंबर स्वतःच्या हाताने पुसला. दत्तारामाने त्याच्या तिन्ही चाकांची हवा काढली. गुरुदास वर्षभर रस्त्यापलीकडच्या मोरीपाशी रिक्षा लावून बसला, पण संघटनेच्या धाकाने त्याच्या रिक्षात कोण बसेना. शेवटी तो सावंतवाडीला निघून गेला. त्या दिवसापासून नियमात भर पडली, जादा चावीही पेटीत.

त्या दुपारी बाबलीला पेज वाढताना त्याची बायको म्हणाली होती, "एक तरी चावी भायर ठेवा हो. चुलीतलो इस्तव कोण पुरो इझवता काय? एक निखारो राखूक लागता."

"तू तुझी चूल बघ," बाबली म्हणाला. "संघटना मी बघतंय."

बायकोचं नाव सत्यवती. ते तुम्हाला मी सांगतोय, बाबलीच्या तोंडून कधी ऐकू आलं नसतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला नावाने हाक मारली नाही. "ऐकलंस?" म्हणायचं, नाहीतर नुसतं "गो." आमच्याकडच्या जुन्या माणसांची तीच रीत. सत्यवती हसरी बाई, जिभेने तिखट. देवघरात फळीखाली ठेवलेल्या त्या पेटीला ती "माझी सवत" म्हणायची. दसऱ्याला घरातल्या सगळ्या वस्तूंना झेंडू वाहून झाले की एक फूल पेटीवर टाकायची, "घे गो बाये, तूय ह्या घरातलीच." बंदाच्या दिवशी बावीस ड्रायव्हर चाव्या टाकायला यायचे, तेव्हा सगळ्यांना चहा आणि फोडणीचे पोहे हिच्याच हातचे. एकुलती मुलगी आकांक्षा लग्न होऊन कल्याणला गेलेली. घरात दोघंच, आणि ती सवत.

आता त्या दिवसाचं सांगतो. दोन वर्षं झाली त्याला. मार्गशीर्ष महिना होता. रस्ता रुंद होणार आणि त्यात थांबा जाणार अशी बातमी आली होती. अधिकृत जागा लिहून मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असं संघटनेने ठरवलं. बंद पुकारला. या वेळी टेम्पोवाले आणि सहा आसनीवालेही सामील. सकाळी पोहे झाले, गाऱ्हाणं झालं, तेवीस चाव्या पेटीत पडल्या. बाबलीने कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली, आणि सगळे दोन टेम्पोंत बसून ओरोसला जिल्हा कचेरीत साहेबांना निवेदन द्यायला गेले. मागे राखणीला एकटा दत्ताराम. वयामुळे त्याने रिक्षा सोडली होती, पण निष्ठा सोडली नव्हती.

साडेअकराच्या सुमारास सत्यवती मागीलदारी सुकत घातलेलं भात वर-खाली करत होती. छातीत कळ आली. घाम सुटला. शेजारच्या राधाबाईने तिला धरून आत आणलं आणि देवघरासमोर चटईवर निजवलं. म्हणजे पेटीपासून दोन हातांवर. सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरा पेशंट घेऊन कुडाळकडे गेलेली, यायला तास तरी लागणार. राधाबाई पदर खोचून तिठ्यावर धावली. तेवीस रिक्षा ओळीने उभ्या. धुतलेल्या, पुसलेल्या, हार घातलेल्या. तिने रस्त्यावर उभं राहून दोन मोटारी अडवल्या. पहिली माणसांनी भरलेली. दुसरीवाल्याला वाटलं बंदवाले हवा सोडायला आलेत, त्याने काच वर केली आणि सुसाट निघून गेला. त्याची तरी काय चूक? बंदवाल्यांनी सोडलीच होती की याआधी कितीकांची हवा.

दत्ताराम धावत घरी आला. सत्यवतीचा चेहरा बघून त्याने फोन काढला. तेवढ्यात तिने हात वर केला आणि म्हणाली, "तेंका माझा नाव सांगू नकात. सायबाच्या म्होरे आसतले, घाबरतले."

शिरा पडो त्या शहाणपणावर! पण अशीच असतात ही माणसं. मरणाच्या दारात सुद्धा नवऱ्याच्या भाषणाची काळजी.

ओरोसला कचेरीच्या व्हरांड्यात बाबली इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभा होता. हातात निवेदन. शिपाई आत बोलवायला आलेला. फोन वाजला.

"बाबली, वाडीत एक पेशंट आसा," दत्ताराम म्हणाला. "छातीत दुखता. पेटी फोडूक व्हयी."

पेटी फोडायची हे शब्द कानावर पडले आणि बाबलीच्या डोळ्यांपुढे गुरुदास उभा राहिला. "बंद म्हणजे बंद," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्स बोलव. आणि पेटयेक कोणी हात लावल्यान तर गाठ माझ्याशी आसा, सांगून ठेय."

फोन बंद करून त्याने खिशात टाकला आणि आत गेला. पेशंट कोण, हे त्याने विचारलं नाही.

आत पाऊण तास गेला. बाबली त्या दिवशी असा बोलला म्हणतात, की साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. जागा मंजूर झाली. वर पत्र्याची शेडसुद्धा बांधून मिळणार. बाबली मूठ वर करून बाहेर आला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, "एकजुटीचा विजय असो" म्हणून आवार दणाणलं. खांद्यावर बसल्या बसल्याच त्याने फोन चालू केला. पाठोपाठ दत्तारामाचा फोन आला. या वेळी दत्तारामाने नाव सांगितलं.

इकडे दत्तारामाने पाऊण तास फोन लावला होता. अध्यक्षाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे वीस वर्षांत हाडात मुरलेलं. तो पेटीसमोर पहार घेऊन उभा राहिला आणि राधाबाई त्याला शिव्या घालत राहिली. शेवटी तिनेच त्याच्या हातातली पहार ओढली तेव्हा त्याने कुलूप फोडलं. चावी शोधली, रिक्षा आणली, दोघांनी सत्यवतीला आत घातलं. अर्ध्या वाटेत तिने राधाबाईच्या मांडीवर मान टाकली. थोडा वेळ आधी निघाले असते तर वाचली असती, असं दवाखान्यात कोणीतरी बोललं. लोक असलं का बोलतात देव जाणे, पण बोलले ते बाबलीच्या कानावर आलं.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. संघटना अशी राबली की सख्खे भाऊ राबणार नाहीत. लाकडं, मांडव, पाण्याचे हंडे, जेवणाच्या पंगती, कशाची म्हणून वाण पडली नाही. जो येई तो म्हणे, "फोन लागलो नाय, तुमचो काय दोष?" बाबलीला आधी कळेना. मग कळलं, की दत्तारामाने सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. अध्यक्षाला सांभाळून घेतलं होतं त्याने. बाबली तोंड उघडायला जाई आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "काका, बोलू नकात, त्रास होता."

नाव न सांगायची गोष्ट राधाबाईने त्याला बाराव्या दिवशी सांगितली. "तिनाच म्हटल्यान बाबली. तू सायबाम्होरे घाबरतलस म्हणान." बाबली उठून मागीलदारी गेला. भात अजून तिथेच पसरलेलं होतं, कोणी गोळा केलं नव्हतं, कोंबड्या टिपत होत्या. तिथे तो उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा मोठ्याने रडला. आतून आकांक्षा आली. तिला त्याने सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. ती एवढंच म्हणाली, "बाबा, कोण पेशंट म्हणून तुम्ही विचारलात कसं नाय?" तेरावं झाल्यावर ती कल्याणला गेली. अजून दर रविवारी फोन करते. बरे आसात, जेवलात, गोळी घेतलीत, एवढंच विचारते.

महिन्याने संघटनेची सभा भरली. उपाध्यक्ष सुदेश इतिवृत्त लिहायला बसला. हुशार पोरगा, पस्तिशीतला, बाबलीनेच घडवलेला. बाबली उभा राहिला. "दत्तारामान माका फोन केल्यान. मी उचललंय. पेशंट कोण ता मी इचारूक नाय. पेटयेक हात लावू नको म्हणान मीच सांगलंय. माझ्यार कारवाई करा. गुरुदासचो नंबर पुसलंय, तसो माझो पुसा."

दत्ताराम खाली बघून म्हणाला, "तसा काय झाला नाय. फोन लागलोच नाय. बाबलीची मती ठिकाणार नाय."

"दत्ताराम, खोटा बोलतस!"

"बसा काका," सुदेश म्हणाला. आवाजात इतकी माया होती की बाबलीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा त्याच्याकडे वळवला. सुदेशने लिहिलं, 'अध्यक्षांनी आपल्या भावना व्यक्त केल्या. सभेने दोन मिनिटे स्तब्धता पाळली.' मग ठराव आला की होणाऱ्या शेडला कैलासवासी सत्यवती बाबली मुणगेकर यांचं नाव द्यावं. टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. पुढच्या तीन वर्षांसाठी अध्यक्ष म्हणून बाबलीची बिनविरोध निवड झाली. गुन्हा कबूल करायला गेलेल्या माणसाला हार घालून घरी पाठवला. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

शिव्या देईल असा एकच माणूस त्याला आठवत होता. एका सोमवारी रिक्षा काढून बाबली सावंतवाडीला गेला. गुरुदास आता तिथे शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. मोती तलावाच्या कठड्यापाशी दोघे भेटले. गुरुदासने चहा मागवला.

"त्या दिवशी तुझ्या रिक्षात खराच पेशंट होती?" बाबलीने विचारलं.

"बारा वर्सांनी इचारूक इलस?" गुरुदास म्हणाला. "होती. आपल्या वाडयेतल्या त्रिंबकची चेडू, नम्रता नाव तिचा. पैली खेप, पोर पोटात आडवा झाला होता. झील झालो तिका. आता शाळेत जाता. तेव्हा इचारलं असतंस तर त्याच रिक्षात बसवून तुका तिच्या दारात नेलं असतंय. पण तू नावसुद्धा इचारूक नाय, बाबली."

"माफ कर माका."

"माझ्याकडे कित्याक मागतस?" गुरुदास कप खाली ठेवत म्हणाला. "माझा काय गेला? मी आसंय, माझी बायल आसा." आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने बाबलीच्या चहाचे पैसे दिले आणि मुलांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून उठला. बाबली तिथेच बसून राहिला. शिव्या खायला आला होता, त्याही धड मिळाल्या नाहीत.

परत येताना मात्र त्याने मनाशी एक गोष्ट धरली. गेलेली येत नाही, पण एक चावी बाहेर ठेवता येईल. एवढं झालं तरी तिच्या बोलण्याचा मान राहील. यंदाच्या श्रावणात पुढच्या बंदाची हाक आली, तेव्हा बाबलीने सभेत मांडलं की दर बंदाला एक रिक्षा पेशंटासाठी मोकळी ठेवायची, बस्स.

"कोणाची?" मागून कोणीतरी विचारलं.

"नंबराप्रमाणे फिरती."

"आणि ज्येची भायर रवली तो दिवसभर पेशंट म्हणान भाडीच मारीत रवलो तर?"

"पेशंट खरो काय खोटो ता कोण ठरयतलो?"

"डॉक्टराचो कागद बघूक व्हयो."

"अरे मेल्यांनो, डॉक्टराकडे जाणाऱ्याकडे डॉक्टराचो कागद खयसून येतलो?" बाबली ओरडला. दोन तास हेच चाललं. एकालाही दुसऱ्याचा भरवसा नव्हता. आणि ऐकता ऐकता बाबलीच्या ध्यानात आलं, की हे सगळं त्याचंच बोलणं आहे. शब्द त्याचे, संशय त्याचा, बावीस वर्षं त्यानेच शिकवलेला. हात वर करायला सांगितले तेव्हा त्याचा एकट्याचा वर गेला. दत्तारामाने अर्धा उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि त्याच हाताने मान खाजवली.

बाबलीने तिथल्या तिथे अध्यक्षपद सोडलं. कोणी फारसं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघे येऊन देवघरातली पेटी घेऊन गेले. सत्यवतीची सवत सुदेशच्या घरी नांदायला गेली. फळीखाली पेटीच्या आकाराचा चौकोन तेवढा न सारवलेला राहिला.

बंदाच्या दिवशी बावीस चाव्या सुदेशच्या घरी पेटीत पडल्या. तेविसावी बाबलीच्या करगोट्याला होती. सकाळी सातला त्याने रिक्षा नव्या शेडखाली, पहिल्या नंबरावर लावली आणि बसून राहिला. मोर्चा मालवणला गेला. जाताना सुदेश फक्त बघून गेला.

दिवसभरात चार माणसं आली. प्रत्येकाला बाबलीने विचारलं, "नाव काय तुझा? खंयचो? काय होता?" बँकेत जायचं होतं एका म्हाताऱ्याला, बाबली म्हणाला, "पेशंट आसा काय? नाय? मगे नाय." एक जण हातात आहेराचं पाकीट घेऊन आला आणि पोटात दुखतंय म्हणाला. कुठे दुखतं, कधीपासून, सकाळी काय खाल्लं, बाबलीने अशी काही चौकशी केली की त्याचं दुखणं जागच्या जागी थांबलं आणि तो साखरपुड्याला चालत गेला. खरा पेशंट कोण आला नाही. संध्याकाळी सहापर्यंत नाही. कोणी आजारी पडावं असं मनात येतंय हे बाबलीला जाणवलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

मोर्चा परतला. सुदेश फळ्यापाशी गेला. त्याच्या हातात ओलं फडकं होतं.

"काका, नियम कोणाचो?"

"माझोच," बाबली म्हणाला.

"चावी पेटयेत नाय..."

"ती रिक्षा थांब्यार नाय," बाबलीनेच वाक्य पुरं केलं. सुदेशने पहिला नंबर पुसला. बाबलीने रिक्षा चालू केली नाही. ढकलत ढकलत रस्त्यापलीकडे नेली आणि मोरीपाशी लावली. गुरुदास बसायचा तिथे.

अजून तिथेच असतो तो. सकाळी सात ते संध्याकाळी सात, बंद असो नसो. समोर शेड, शेडवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव. शेडखाली त्याच्या रिक्षाला जागा नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः एसटीतून उतरून त्याच्या रिक्षात बसायला गेलो. त्याने माझं नाव विचारलं, गाव विचारलं, बरं आहे ना विचारलं. बरा आहे म्हटल्यावर मान हलवली.

"मगे माझ्याकडे नको," म्हणाला. "नंबर म्होरच्याचो आसा. थंय जावा, सत्यवतीच्या थांब्यार."